गोऱ्हा, काळवीट आणि चोरलेला पान्हा

पोळ्याला वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत तोरणाखाली बैल उभे राहतात, वळू नाही. वाजंत्रीच्या कल्लोळात, परक्या बैलांना खेटून गुमान उभं राहणं वळूला जमणारं नव्हे. म्हणून गोऱ्हा औताला धरायचा तर आधी बडवायचा, हे मानोरा तालुक्यातच काय, सगळ्या वऱ्हाडात ठाऊक. पशुवैद्य आता कातडी न फाडता चिमट्याने वृषणाकडची शीर दाबतात.

यामागचं शास्त्र कळलं ते कोंबड्यांमुळे. जर्मनीत ग्योटिंगेनच्या बेर्टहोल्ड या संशोधकाने 1849 साली छापलेल्या प्रयोगात सहा कोवळे कोंबडे बडवले. काहींच्या पोटात वृषण परत ठेवलं. ते कोंबडे आरवले, भांडले, माद्यांमागे धावले. बाकीचे तसे आरवले नाहीत, तुऱ्यानेही खुरटे राहिले. परत ठेवलेल्या वृषणाला मज्जातंतू जोडले गेले नव्हते, रक्तवाहिन्या मात्र फुटल्या होत्या. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. असा निरोप नेणाऱ्या द्रव्याला आज संप्रेरक म्हणतात; हा शब्दही तेव्हा नव्हता.

पण सगळा कारभार रक्ताचा नसतो. मस्ती अंगात मुरल्यावर बडवलेल्या वळूची शिंगं उगारायची खोड पुरती जात नाही.

रक्तातला हा निरोप रानातही दिसतो. वाशीम जिल्ह्यातच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, काळविटांसाठी राखलेलं. जन्मतः नर-मादी दोघंही बदामी. नर वयात येताना वृषणातलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चढतं, तशी पाठ काळी पडत जाते. स्वतःच्या हक्काची जागा मिळेपर्यंत तो नरांच्याच टोळीत चरतो. मिळाली की एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग घालायचा, डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव काड्यांना पुसायचा, नाक वर करून मिरवायचं. जॉन विंगफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये पक्ष्यांवरून मांडलं की प्रतिस्पर्धी अंगावर आला की नराचं टेस्टोस्टेरॉन चढतं आणि पिलं सांभाळताना उतरतं. संप्रेरकाने भांडण पेटतं, तसं भांडणानेही संप्रेरक पेटतं. मला हे उलटं टोक जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण गोठ्यातही तेच दिसतं.

वासरू कासेला ढुशी देतं, सड तोंडात धरतं. तो स्पर्श मेंदूपर्यंत पोचला की पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. मिनिटभरात कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्या आवळतात, सड तटतटतात आणि चरवीत धार वाजू लागते. हा पान्हा काही मिनिटांचाच. तेवढ्यात हात चालला नाही तर दूध आत राहतं. अशा वेळी गोठ्यात कुत्रं घुसलं किंवा परका माणूस दूध काढायला बसला, तर ॲड्रेनॅलिन आडवं येतं. आपल्या बाया म्हणतात, गाय पान्हा चोरते. बिचारीवर उगाच आळ! उलट, रोजच्या हाताची आणि चरवीच्या आवाजाची सवय झाली की कासेला हात लागण्याआधीच पान्हा उतरतो. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात भुसा भरून गायीपुढे ठेवायची जुनी युक्ती. ती वासाने ओळखते, चाटते आणि दूध देते.

ऑक्सिटोसिनने नुसता पान्हाच नाही, मायाही जागते. केंब्रिजच्या केंड्रिक आणि केव्हर्न या संशोधकांनी 1987 मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतच ऑक्सिटोसिन सोडून पाहिलं. गाभण नसलेल्या मेंढ्याही परक्या कोकराला चाटू लागल्या. मात्र त्यांना आधी इतर मादी संप्रेरकं देऊन तयार करावं लागलं होतं.

हेच ऑक्सिटोसिन सुईने टोचून रोज दूध काढणारे गोठे आहेत. गुराला अपाय करणारी अशी इंजेक्शनं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. सुई मुळात कासेतलंच दूध खाली उतरवते. शिवाय सुईची सवय लागलेली गाय नुसत्या हाताला नीट पान्हवत नाही.