काठीनं खणलेला जिल्हा

अंगणातल्या मातीत बोटानं एक लांब चर काढा आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडा. चर फार उतरता झाला, तर पाणी धावत सुटतं आणि काठाची माती खरवडून नेतं. फार सपाट झाला, तर पाणी रेंगाळतं, गाळ खाली बसतो आणि चर बुजतो. दोन्हींच्या मधला नेमका उतार सापडेपर्यंत तुम्हाला चार-पाच चर तरी मोडावे लागतील.

आता हाच चर कित्येक किलोमीटर लांब काढायचा आहे. हाताशी लोखंडी कुदळ नाही, बैल नाही, घोडा नाही, चाकाची गाडी नाही. आहे ती एक टोकदार लाकडी काठी, दगडी अवजारं आणि माती वाहायला टोपल्या.

हे काम खरोखर झालंय! अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोना नावाचं राज्य आहे. तिथल्या सोनोरन वाळवंटात, सॉल्ट रिव्हर म्हणजे ‘खाऱ्या नदी’च्या काठी राहणाऱ्या माणसांनी पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी असे कालवे खणायला घेतले. या लोकांना आपण होहोकम म्हणून ओळखतो. पिढ्यान् पिढ्या ते खणत राहिले. शेकडो किलोमीटरचं जाळं झालं. त्या पाण्यावर ते मका, घेवडा, भोपळा आणि कापूस पिकवायचे. मोजपट्टी नाही, लिहिलेलं गणित नाही, तरी उतार बरोबर. मला तर हे पिरॅमिडांइतकंच थोर काम वाटतं.

इसवी सन 1450च्या सुमारास ही वस्ती ओसरली. पूर, दुष्काळ, खारावलेली जमीन अशी वेगवेगळी कारणं अभ्यासक सांगतात. पण माणसं संपली नाहीत हं. तिथले अकिमेल ओओधम, म्हणजे ‘नदीचे लोक’, होहोकमांना आपले पूर्वज मानतात आणि आजही त्याच भागात राहतात.

पुढे 1867 साली जॅक स्विलिंग नावाचा एक माणूस तिथे आला. मातीत बुजलेल्या लांबच लांब खुणा बघून त्याच्या लक्षात आलं, की हे तर तयार कालवे! माणसं गोळा करून त्यानं ते उकरायला सुरुवात केली. पाणी पुन्हा वाहू लागलं, शेतं हिरवी झाली, गाव वसलं. जुन्या वस्तीच्या अवशेषांतून नवं गाव उठतंय, म्हणून डॅरेल डप्पा या त्याच्या सोबत्यानं नाव सुचवलं: फिनिक्स. राखेतून पुन्हा जन्मणारा तो गोष्टीतला पक्षी!

14 फेब्रुवारी 1871 रोजी या भागाची वेगळी काउंटी झाली. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. हिचं नाव मॅरिकोपा, तिथल्या एका आदिवासी समाजावरून पडलेलं. ते लोक स्वतःला पीपाश म्हणतात. गंमत म्हणजे मॅरिकोपा नावाचं शहर मात्र या काउंटीत नाहीच, ते शेजारच्या पिनाल काउंटीत आहे. आकार विचाराल, तर आपला अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा सुमारे 17,000 चौरस किलोमीटरचा. मॅरिकोपा जवळपास 23,900.

1900 साली एवढ्या मोठ्या मुलखात माणसं होती फक्त 20,457. वर्षभरात पाऊस जेमतेम 18-20 सेंटिमीटर, मग राहणार तरी किती जण? 1911 साली पूर्वेकडच्या डोंगरांत दगडी रूझवेल्ट धरण पुरं झालं आणि पुराचं पाणी साठवता येऊ लागलं. पण उन्हाचं काय? उन्हाळ्याच्या रात्री लोक पडवीत, ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपायचे. ओलं कापड वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. आपला कूलर याच युक्तीवर चालतो. मग दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी एसी आले, आणि बघा काय झालं. 1950 साली लोकसंख्या 3,31,770. 1960 साली 6,63,510. वहीत दुप्पट करून पाहा. फक्त 30 माणसं कमी पडतात!

2020च्या जनगणनेत हा आकडा 44,20,568 झाला. आधीच्या दहा वर्षांत इथे सहा लाखांवर माणसं वाढली. अख्ख्या अमेरिकेत याहून जास्त भर पडली ती फक्त एकाच काउंटीत. आता तिथे मोबाइल-संगणकांच्या चिप बनवणारे प्रचंड कारखाने आहेत.

एवढ्यांना पाणी कुठून? एक मोठा वाटा येतो तो कोलोरॅडो नदीतून. 1973 ते 1993 या काळात बांधलेला सुमारे 540 किलोमीटरचा कालवा ते पाणी वाळवंटातून आणतो. मॅरिकोपा ओलांडून तो पुढे टुसॉन शहराकडे जातो, तोवर पंपांनी पाणी टप्प्याटप्प्यानं 850 मीटरहून अधिक उंच चढवलेलं असतं. होहोकमांचं पाणी उताराला आपोआप धावायचं, हे मात्र ढकलत न्यावं लागतं! आणि वापरलेलं पाणीही फुकट जात नाही. फिनिक्सच्या पश्चिमेला पालो व्हर्दे हे अणुवीज केंद्र आहे. अशी केंद्रं समुद्राकाठी किंवा मोठ्या नदी-तळ्याकाठी असतात. हे आहे वाळवंटात, आणि ते थंड ठेवतात शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरून.

याच पाण्याच्या गोष्टीत एक दुखरी जागाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या भागातल्या नव्या शेतकऱ्यांनी ‘हिला’ नावाच्या नदीचं पाणी वळवलं आणि खाली ओओधमांची शेतं सुकली. ज्यांच्या पूर्वजांनी कालवे खणले, त्यांच्यावरच उपासमार आली. त्यांचा पाण्यावरचा हक्क कायद्यानं नीट मान्य व्हायला 2004 साल उजाडलं. फार उशीर झाला, असंच मला वाटतं.

पावसाळा तिथेही आहे, आणि त्याचं नावही मान्सूनच! अरबी ‘मौसिम’वरून आपला ‘मोसम’ आला आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून फिरत फिरत ‘मान्सून’ झाला. 15 जून ते 30 सप्टेंबर हा तिथला मान्सूनचा काळ. जमीन तापते, वारे दिशा बदलतात, समुद्राकडून ओलावा येतो. कधी कधी पावसाआधी धुळीची भिंतच चालून येते. तिला म्हणतात हबूब, हाही अरबी शब्द. 5 जुलै 2011 चा हबूब दीड किलोमीटरहून उंच होता.

2023च्या उन्हाळ्यात मात्र सलग 31 दिवस फिनिक्सचा पारा 43 अंशांवर चढला. सग्वारो हे तिथलं निवडुंग घरापेक्षाही उंच होतं. ते आपली छिद्रं रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतं. त्या उन्हाळ्यात रात्रीही गार झाल्या नाहीत, आणि दशकानुदशकं उभ्या असलेल्या काही सग्वारोंचे हात गळून पडले. त्याच वर्षी भूजलाचा नवा हिशेब आला. तिथल्या कायद्यानुसार नवी वसाहत बांधायची तर 100 वर्षं पुरेल एवढं पाणी आधी दाखवावं लागतं. हिशेबात भूजल कमी भरलं, म्हणून फक्त भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी द्यायचं सरकारनं थांबवलं.

फिनिक्सच्या विमानतळाजवळ होहोकमांच्या जुन्या वस्तीचं एक संग्रहालय आहे. तिथे काठीनं खणलेल्या कालव्यांचे खोलगट पट्टे अजून दिसतात, कोरडे. शेजारूनच आजचा कालवा वाहतो, पाण्यानं भरलेला. आणि डोक्यावरून विमानं उतरत असतात, नवी माणसं घेऊन.