चित्रकथेंतील कृष्णवर्णी वीर : नायक कीं सहाय ?

हस्तलिखितांचा व चित्रांचा संग्रह करणाऱ्यांस चित्रकथा ही वस्तु अपरिचित नाहीं. पैठणच्या व कुडाळजवळील पिंगुळीच्या चित्रकथी लोकांच्या पोथ्या आपण जपून ठेवतों. एकेक पान पुढें करून कथा सांगण्याची ती रीत. परंतु विसाव्या शतकांत मुद्रणयंत्रानें जी चित्रकथा घरोघर नेली, ती मुलांची करमणूक म्हणून संग्राहकांच्या कक्षेबाहेरच राहिली. युरोपांतील जुन्या छापील चित्रकथांत आफ्रिकेचा मनुष्य कोणत्या पदावर बसविला आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. विषय दूरचा वाटेल. पण या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आमच्याच जिल्ह्यांत, पाथर्डीशेजारच्या मुलखांत, घडलें आहे.

प्रथम परिभाषा निश्चित करूं. धनंजयानें दहाव्या शतकांत, माळव्याच्या मुंजराजाच्या आश्रयास असतां, दशरूपक रचिलें. त्याच्या मतें कथेच्या फलावर ज्याचें स्वामित्व तो अधिकारी. मुख्य कथेस साह्य करणारें दूरगामी उपकथानक ती पताका. तिचा नायक तो पीठमर्द. हा चतुर, नायकाचा भक्त, गुणांनीं त्याहून किंचित् उणा. रामकथेंत सुग्रीव, मालतीमाधवांत मकरंद. हास्यासाठीं असतो तो विदूषक. आणि केवळ ओझें वाहणारा, हांक मारतांच हजर होणारा तो चेट. सबब एखादें पात्र चित्रांत वारंवार दिसतें, किंवा पुस्तकास त्याचें नांव आहे, एवढ्यावरून तें नायक ठरत नाहीं. चार गोष्टी पाहाव्या : त्याचें नांव काय ठेविलें आहे, त्याच्या तोंडीं कोणती वाणी घातली आहे, चौकटींत त्यास कोठें उभें केलें आहे, आणि अखेरीस फल कोणाच्या पदरीं पडतें.

इटलींत २७ डिसेंबर १९०८ रोजीं ‘कोरिएरे देइ पिक्कोली’ हें मुलांचें साप्ताहिक निघालें. त्याच्या पहिल्याच अंकांत अत्तीलिओ मुस्सीनो या चित्रकारानें बिल्बोल्बुल नांवाचा आफ्रिकी मुलगा आणिला. भाषेंतील वाक्प्रचार या मुलाच्या अंगावर अक्षरशः उतरतात : भावनेप्रमाणें कातडीचा रंग पालटतो, अवयव ताणले जातात, तुटतात व पुन्हां जुळतात. कल्पना चतुर आहे, आणि कथा त्याच्याच नांवाची आहे. परंतु जें घडतें तें त्याच्यावर घडतें. तो स्वतः कांहीं घडवीत नाहीं. नांवानें नायक, कार्यानें विदूषक, असा हा प्रकार होय.

बेल्जममध्यें एर्झे या चित्रकारानें टिनटिनची काँगोयात्रा १९३० व १९३१ या सालीं एका वृत्तपत्राच्या बालपुरवणींत क्रमशः छापली व १९३१ मध्यें ती पुस्तकरूपानें निघाली. काँगो त्या वेळीं बेल्जमच्या ताब्यांत होता. चित्रकार स्वतः तेथें गेलेला नव्हता. टिनटिनबरोबर कोको नांवाचा एक मुलगा आहे; तो गाडी राखतो, स्वयंपाक पाहतो, भितो व आज्ञा पाळतो. दशरूपकाच्या भाषेंत हा शुद्ध चेट. याच पुस्तकाचा दुसरा, रंगीत पाठ १९४६ सालीं निघाला. पहिल्या पाठांत टिनटिन काँगोच्या मुलांस शाळेंत ‘तुमचा देश बेल्जम’ हा विषय शिकवितो. दुसऱ्यांत त्याच जागीं तो बेरीज शिकवितो. ज्यानें शाळेंत आयुष्य घालविलें आहे त्यास या फेरफाराचें मर्म सांगावयास नको. फळ्यावरचा धडा बदलला. शिकविणारा व शिकणारे मात्र आपापल्या जागींच राहिले. काँगो स्वतंत्र झाला तो पुढें १९६० मध्यें.

याच देशांत, १९३९ सालीं, झिजे या चित्रकारानें ‘ब्लाँदँ आणि सिराज’ ही जोडी निर्माण केली. एक मुलगा गोरा, एक काळा. येथें दोघांचीं नांवें मथळ्यांत बरोबरीनें आहेत, आणि प्रसंगीं युक्ति सुचते ती बहुधा सिराजला. सुग्रीवाच्याही वरचढ असा हा पीठमर्द, किंबहुना अर्धा नायकच. परंतु नांव पाहा : ब्लाँदँ म्हणजे सोनेरी केसांचा, आणि सिराज म्हणजे जोड्यांस लावण्याचें पॉलिश. ज्यास बुद्धि दिली त्यास नांव मात्र काळ्या वस्तूचें दिलें. चित्रकारानें जें एका हातानें दिलें तें भाषेनें दुसऱ्या हातानें काढून घेतलें.

फ्रान्समध्यें ‘पिलोत’ नियतकालिकाच्या १९५९ मधील पहिल्या अंकापासून शार्लिये व युबिनाँ यांची बार्ब-रूज नामक चांच्याची कथा सुरू झाली. तींत बाबा नांवाचा धिप्पाड, बलवान् व स्वामिनिष्ठ आफ्रिकी खलाशी आहे. अॅस्टेरिक्सच्या कथांत चांच्यांचें जें जहाज वारंवार बुडतें, तें याच कथेचें विडंबन. डोलकाठीवरून टेहळणी करणारा काळा खलाशी म्हणजे बाबाचेंच व्यंगचित्र. त्याच्या फ्रेंच बोलण्यांतून ‘र’ हें अक्षर गाळलेलें असतें. मूळ कथेपेक्षां विडंबन जगभर अधिक गेलें. म्हणून आज पुष्कळांस बाबाची निष्ठा ठाऊक नाहीं, त्याचा गळालेला ‘र’ मात्र ठाऊक आहे.

मराठी वाचकास हे आफ्रिकी वीर भेटले ते अमेरिकन कथांच्या द्वारें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें मार्च १९६४ मध्यें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलें. तें १९९० पर्यंत चाललें व इंग्रजीप्रमाणें मराठी, हिंदी, बंगाली इत्यादि भाषांतही निघालें. त्यांत ली फॉक याचे मँड्रेक (१९३४) व फँटम (१९३६) हे नायक होते. फँटमला मराठींत ‘वेताळ’ हें आपल्या ओळखीचें नांव मिळालें. मँड्रेकचा सोबती लोथार हा आफ्रिकेंतील राजपुत्र. पण आरंभीं त्याच्या अंगावर चित्त्याचें कातडें, डोक्यावर तुर्की टोपी, आणि तोंडीं मोडकी भाषा. १९६५ मध्यें चित्रकार बदलल्यावर त्याचा वेष व भाषा दोन्ही सुधारलीं. वेताळाचा बालमित्र गुरन हा बुटक्या वनवासी लोकांचा नायक. त्याच्या जमातीचें मूळ इंग्रजींतील नांव हिंदी कानास ‘बंदर’ असेंच ऐकूं येतें. वेताळाचा कल्पित देश मूळ कथेंत बंगाला. हिंदुस्थानांतील आवृत्तींत तो ‘डेंकाली’ झाला, कारण मूळ नांव बंगालच्या फार जवळ होतें. आपल्या प्रांताच्या नांवास धक्का लागूं नये म्हणून येथील संपादकांनीं एवढी दक्षता घेतली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथील निजामशाहींत हबशी पुरुषांस चित्रांतच नव्हे तर राज्यांतही नायकत्व मिळालें होतें. मलिक अंबर हा इथिओपियांत सुमारें १५४८ च्या सुमारास जन्मला. त्याचें मूळ नांव चापू. तो गुलाम म्हणून बाजारांत विकला गेला, बगदादेंत राहिला, आणि शेवटीं निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याच्या पदरीं दक्षिणेंत आला. अंबर हें नांव मागाहून मिळालेलें; त्याचा अर्थ समुद्रांत सांपडणारा सुगंधी पदार्थ. कापूर, याकूत, अंबर अशीं मौल्यवान् जिनसांचीं नांवें गुलामांस देण्याची चाल होती. म्हणजे सिराज या नांवामागें जी रीत दिसते तीच येथेंही. फरक इतकाच कीं, आमच्या भाषेच्या कानांनीं अंबर हा शब्द आकाश या अर्थीं ऐकला, आणि त्या पुरुषानें तो अर्थ खरा करून दाखविला.

१६०० मध्यें नगरचा किल्ला मोगलांनीं घेतल्यावरही त्यानें मुर्तजा निजामशहास परांड्यास गादीवर बसवून राज्य पुन्हां उभें केलें. १६१० च्या सुमारास खडकी हें शहर वसविलें, तेथें नहर आणिली, आणि जमीनमहसुलाची जी व्यवस्था लावली ती मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. १६२४ मध्यें नगरापासून सुमारें दहा मैलांवर भातवडी येथें त्यानें मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. तळ्याचें पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडून वाट चिखलाची केली. शहाजीराजे या युद्धांत त्याच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी येथेंच पडले. परमानंदानें शिवभारतांत हें युद्ध वर्णिलें आहे. त्यांत सेनानायकाचें स्थान अंबराचें, आणि भोसले वीर त्याच्या बाजूस उभे. शिवछत्रपतींच्या चरित्रकाव्यांतच हबशी पुरुष नायक व मराठे वीर सहाय, अशी ही योजना आहे. आणि ती करतांना संस्कृत कवीस कांहीं अडचण वाटली नाहीं.

परंतु हेंच पात्र दुसऱ्या दरबारांत कसें रंगविलें गेलें तें पाहा. डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत अबुल हसन याचें सुमारें १६१६ मधील एक चित्र आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोंकावरील अंबराच्या तुटलेल्या शिरास बाण मारीत आहे, असा त्याचा विषय. वस्तुस्थिति अशी कीं, अंबर जहांगिराच्या हातीं कधींच लागला नाहीं. १६२६ मध्यें तो वृद्धापकाळीं स्वतंत्र मरण पावला, व खुलदाबादेस त्याची कबर आहे. रणांगणावर जें फल मिळालें नाहीं तें बादशहानें कागदावर मिळविलें. आणि याच मोगल चित्रशाळेंतील हाशिम याचें, लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील सुमारें १६२० चें चित्र पाहावें : तेथें अंबर एकटा, पार्श्वदर्शी, पूर्ण आकृतींत, गंभीर मुद्रेनें उभा आहे. एकच पुरुष, एकच दरबार, चार-पांच वर्षांचें अंतर. एकांत तो निशाण, दुसऱ्यांत नायक. विजापुरास सुमारें १६४५ मध्यें हैदर अली व इब्राहिमखान यांनीं मुहम्मद आदिलशहा व हबशी वजीर इखलासखान यांस एकाच हत्तीवर रंगविलें. वजीर मागें बसला आहे, म्हणून सहाय. पण मुद्रा त्याची स्वतःची आहे. कोणाही हबशाचा सांचेबंद चेहरा तेथें बसविलेला नाहीं.

यावरून निघणारा सिद्धांत थोडक्यांत असा. चित्रांतील कृष्णवर्णी पुरुष नायक ठरतो कीं चेट, हें त्याच्या पराक्रमावर अवलंबून नसतें. चित्र कोणासाठीं काढिलें आणि विकत कोण घेणार, यावर तें अवलंबून असतें. जहांगिराच्या चित्रशाळेस हें लागू आहे, तितकेंच बेल्जमच्या बालपुरवणीस व मुंबईच्या मासिकासही. म्हणूनच चित्रावरून मनुष्याचें मोल करूं नये. चित्रावरून चित्रकाराच्या आश्रयदात्याचें मोल करावें.

संग्राहकांस यांतून दोन कर्तव्यें प्राप्त होतात. पहिलें, दक्षिणी चित्रांतील प्रत्येक काळ्या मुखास मलिक अंबर म्हणून चिठ्ठी डकविण्याचा मोह आवरावा. अंबराचा पुत्र फत्तेखान, इखलासखान व इतर अनेक हबशी सरदार स्वतंत्र पुरुष होते. एका प्रसिद्ध नांवाखालीं सर्वांस लोटणें म्हणजे त्यांस पुन्हां अनाम करणें. चित्राच्या कडेस जो चवरी धरून उभा आहे त्याचेंही वर्णन यादींत यावें.

दुसरें कर्तव्य अधिक निकडीचें आहे. मुलांच्या छापील चित्रकथा हलक्या कागदावर निघाल्या. तो कागद पिवळा पडून मोडतो, आणि घरें रिकामीं होतांना या पुस्तिका पोथ्यांच्या आधीं रद्दींत जातात. कांहीं सज्जन त्यांतील चित्रें लाजिरवाणीं म्हणून त्या मुद्दाम टाकितात. हें योग्य नव्हे. १९३१ ची प्रत शिल्लक नसती तर १९४६ चा फेरफार आज कोणासही दाखवितां आला नसता. डेंकालीचें व लोथारच्या भाषेचें तेंच. आपण पोथ्यांचे पाठभेद टिपतों ते यासाठींच कीं, बदललेल्या अक्षरांतून बदलणारा मनुष्य दिसावा. मराठी इंद्रजालच्या ज्या प्रती या तालुक्यांतील माळ्यांवर अद्याप पडून असतील, त्या अंक, वर्ष व भाषा यांची नोंद करून, पोथ्यांप्रमाणेंच कोरड्या जागीं ठेवाव्या. मराठी अनुवादकानें गुरनच्या व लोथारच्या तोंडीं कोणती वाणी घातली, मोडकी कीं नीट, याचें उत्तर त्या पानांखेरीज अन्यत्र कोठेंही मिळणार नाहीं. भातवडीचा विजय शिवभारतानें राखिला. या लहान पुस्तिकांस राखणारा दुसरा परमानंद यावयाचा नाहीं. तें काम संग्राहकांचेंच आहे.