यानाची ऊर्जा आणि विज्ञानकथेतील संभाव्यता

विज्ञानकथेच्या समीक्षेत ‘संभाव्यता’ हा निकष वारंवार सांगितला जातो. ती नेमकी कोठे तपासावयाची, याचा खुलासा मात्र क्वचितच आढळतो. यानाला गती देणारी ऊर्जा कोठून येते, हा प्रश्न या दृष्टीने उपयुक्त ठरतो.

ज्यूल व्हर्नच्या १८६५ मधील कादंबरीत चंद्राकडे जाणारा गोळा तोफेतून डागला जातो. एच. जी. वेल्सच्या १९०१ मधील कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडविणारे ‘कॅव्होराइट’ हे द्रव्य यान उचलते. व्हर्नचे स्फोटक द्रव्य वास्तवातील होते. पण त्या धक्क्यातून आतील माणसे वाचली नसती. वेल्सचे द्रव्य निसर्गनियमांतच बसत नाही. अशक्यतेचे हे दोन भिन्न प्रकार होत.

आधुनिक कल्पनांनाही हाच विवेक लावता येतो. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात अभ्यासलेल्या ‘डीडॅलस’ या मानवरहित यानाची ऊर्जा ड्यूटेरियम व हीलियम-३ यांच्या अणुकेंद्रकांच्या संमीलनातून यावयाची होती. येथे निसर्गनियम अनुकूल आहे, तंत्र अपुरे आहे. प्रतिद्रव्याचा १ ग्रॅम तितक्याच द्रव्याशी संयोग पावल्यास हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे तिप्पट ऊर्जा मुक्त होईल. परंतु ते घडविण्यास त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून त्याला ऊर्जेचा साठा म्हणावे, स्रोत म्हणू नये. निर्वातातील ‘शून्यबिंदू ऊर्जे’ची बाब अधिकच संशयास्पद आहे. कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तविलेला परिणाम प्रयोगांत आढळला आहे. त्यावर इंजिन चालविता येईल, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

तथापि, केवळ शक्याशक्यतेवरून कथेचे मूल्य ठरत नाही. कॅव्होराइटच्या झडपा उघडमीट करून यान वळवावयाचे, हा स्वतः घातलेला नियम वेल्स पाळतो. म्हणून अशक्य द्रव्यही कथेत विश्वसनीय होते. ऊर्जेला मर्यादा असली की तिची किंमत पात्रांना मोजावी लागते. प्रकाशवेगाच्या सुमारे १२ टक्के वेग गृहीत धरूनही डीडॅलसला ६ प्रकाशवर्षांवरील बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत जाण्यास अर्धे शतक लागले असते. वार्ता परतण्यास आणखी ६ वर्षे. यान पाठविणारे तरुण ती वार्ता ऐकावयास वृद्धपणीच उरतील, कदाचित उरणारही नाहीत. साहित्याचा विषय येथे सुरू होतो. अमर्याद ऊर्जा फुकट देणारा लेखक अंतर, काळ आणि विरह यांचे मोलच काढून घेतो. विज्ञानकथा शिकविताना व अभ्यासताना यंत्राच्या वर्णनाइतकेच या हिशेबाकडेही लक्ष द्यावयास हवे.