इन्सुलिनला सावली कोण देणार?

मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो. उष्माघाताच्या बळींची चर्चा होते. पण ज्या घरात इन्सुलिनची बाटली आहे आणि फ्रीज नाही, त्या घराची चर्चा कोणी करीत नाही. टाइप-१ मधुमेहाच्या लेकराचे इन्सुलिन तुटले तर जगणे काही दिवसांचेच उरते.

टोरोंटोच्या संशोधकांनी १९२३ मध्ये इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. औषध सर्वांना मिळावे हा हेतू. आज इन्सुलिन पंपाची किंमत लाखांत आहे. म्हणजे पंप कोणाच्या कमरेला लागतो, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना पंप परवडतो त्यांचीही उन्हाळ्यातून सुटका नाही. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते. घामाने चिकटपट्टी सुटली, नळी निघाली, तर शरीरात दुसरा साठा नसतो. काही तासांत साखर चढते आणि कीटोॲसिडोसिसचा धोका उभा राहतो. पंपातले इन्सुलिन ३७ अंशांवर तापले तर ते टाकून द्यावे, असे अशा इन्सुलिनच्या माहितीपत्रकांत लिहिलेले असते. म्हणून पंप उन्हात उघडा ठेवू नये, उभ्या गाडीत विसरू नये, सुई व पेन जवळ बाळगावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता फ्रीज नसलेल्यांचे पाहू. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. परंतु केनियातील दागाहाले निर्वासित छावणीतील तापमान नोंदवून जिनिव्हा विद्यापीठ व 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांत चढउतार होत असतानाही चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकल्याचे आढळले. आपल्या पत्र्याच्या घरात मात्र पारा ३७ च्या पुढे जातो. तेथे आपला माठच कामाला येतो. कोरड्या डब्यात बाटली ठेवून तो डबा ओल्या माठात, सावलीत ठेवावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो, कोकणच्या दमट हवेत कमी. बाटली बर्फाला लावू नये; गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पण माठ सांगून सरकारची जबाबदारी संपत नाही. बालकांची लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीतून, बर्फाच्या डब्यातून थेट अंगणवाडीपर्यंत जाते. मग इन्सुलिनची थंडाई केंद्राच्या दारातच का संपते? औषध दुकानांना योग्य साठवणुकीची सोय असणे १९४५ च्या औषध नियमांनी बंधनकारक केले आहे. रुग्णाच्या घरासाठी मात्र कायदा गप्प आहे.

राज्यघटनेचे काम चालू असताना बाबासाहेबांनाही मधुमेह छळत होता. त्याच घटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग ठरविला. मग उपचाराचे औषध उन्हात नासू देणे कशात बसते?

आमची मागणी साधी आहे. फ्रीज नसलेल्या रुग्णाचे इन्सुलिन केंद्राच्या फ्रीजमध्ये त्याच्या नावे ठेवावे, एकावेळी एकच बाटली द्यावी, सोबत साखर तपासण्याच्या पट्ट्या द्याव्यात. वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांनी अशा घरांची यादी करून मार्चपूर्वी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावेत आणि पोच घ्यावी. तोंडी विनवणी फाईलवर चढत नसते.