विमानतळावरची झडती: सुरक्षा किती, खासगीपणा किती? चेहरा स्कॅन करायला नाही म्हणता येतं का?

घोटीतून विमान पकडायचं म्हटलं की दोन रस्ते असतात. एक साठेक किलोमीटरवरच्या ओझरला, दुसरा मुंबईला. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईचा रस्ता आणखी सोपा झाला. शिक्षणासाठी बंगळुरूला निघालेला मुलगा, नोकरीसाठी दुबईला चाललेला तरुण, लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई असे पहिल्यांदाच विमानात बसणारे लोक आता इगतपुरी तालुक्यातही घरोघरी सापडतात.

या प्रवासात बहुतेकांना धास्ती असते ती सुरक्षा तपासणीची. पट्टा काढा, लॅपटॉप बाहेर ठेवा, हात वर करा. अंगावरून यंत्र फिरतं. आता त्यात कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवण्याचीही भर पडली आहे. सोशल मीडियावर यावरून कायम वाद रंगतो. काहींना ही तपासणी अतिरेक वाटते, तर काहींच्या मते जीव वाचत असेल तर दोन मिनिटांच्या गैरसोयीने काय बिघडतं? दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घ्यायचं तर आधी हे नियम आले कुठून ते पाहावं लागेल.

प्रत्येक नियमामागे एक घटना

23 जून 1985. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिक महासागरावर बॉम्बस्फोटात कोसळलं आणि 329 जणांचा जीव गेला. बॉम्ब चेक-इन केलेल्या बॅगेत होता, पण ती बॅग देणारा माणूस विमानात बसलाच नव्हता. तुम्ही बॅग देऊन ऐनवेळी विमानात चढला नाहीत, तर तुमची बॅग शोधून खाली उतरवतात आणि त्यात विमानाला उशीर होतो, तो यामुळेच. नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस, हा 1987 मध्ये स्वतंत्र विभाग झाला तोही या घटनेनंतर. देशातल्या सगळ्या विमानतळांचे सुरक्षा नियम हाच ब्युरो ठरवतो.

24 डिसेंबर 1999 ला काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी-814 विमानाचं अपहरण झालं. आठवडाभर प्रवासी ओलीस होते. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, देण्यास सुरुवात झाली. फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून हे काम सुरू झालं. काही छोट्या विमानतळांवर आजही राज्य पोलीस असतात, पण नियम बीसीएएसचेच.

डिसेंबर 2001 मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटकं लपवून नेली आणि जगभर बूट तपासले जाऊ लागले. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, त्याचं कारण तो कट.

सुकं खोबरंही याच यादीत आहे. मसाल्याला किंवा ओटीला म्हणून आईने बॅगेत घातलेलं खोबरं विमानतळावर काढून घेतात, तेव्हा घरच्यांना राग येतो. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. पॉवर बँकही आगीच्या भीतीनेच चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

मग लोकांचा आक्षेप कशाला आहे?

तपासणी होऊच नये, असं म्हणणारे फार थोडे. बहुतेकांची तक्रार ती कशी होते याबद्दल असते.

ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा व्हिडिओ व्हायरल झाला होता. दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवायला लागतो, असं सांगत त्यांनी थेट पंतप्रधानांना विनंती केली. सीआयएसएफने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कृत्रिम अवयव काढायला लावणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असं मत मांडलं.

दुसरा आक्षेप समानतेचा. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश अशा पदांना झडतीतून सूट आहे. सामान्य माणसाला वाटतं की नियम फक्त आपल्यालाच. याच्या उलट उदाहरण माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं. सूट असूनही एप्रिल 2009 मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीने त्यांची झडती घेतली. कंपनीला नंतर माफी मागावी लागली, पण कलाम यांनी त्या वेळी काही न बोलता सहकार्य केलं होतं.

बॉडी स्कॅनरमध्ये अंग दिसतं का?

सध्या आपण ज्या चौकटीतून जातो, ती फक्त धातू ओळखते. प्लास्टिक स्फोटकं तिला कळत नाहीत. म्हणूनच एप्रिल 2019 मध्ये बीसीएएसने 84 संवेदनशील विमानतळांना बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं. ठरलेली मुदत उलटून गेली, तरी बहुतेक ठिकाणी अजून धातूची चौकट आणि हातातलं यंत्रच दिसतं.

बॉडी स्कॅनरबद्दलची भीती अमेरिकेतून आली. तिथे सुरुवातीला क्ष-किरणांवर चालणारी काही यंत्रं होती आणि त्यांत शरीराचा आकार जवळजवळ उघडा दिसायचा. लोकांनी जोरदार विरोध केला आणि 2013 पर्यंत ती यंत्रं विमानतळांवरून काढली गेली. नवी यंत्रं मिलिमीटर लहरींवर चालतात. पडद्यावर सगळ्यांसाठी एकच साधी बाहुलीसारखी आकृती दिसते आणि शंका असेल तिथे चौकोन उमटतो. तरी एक अडचण उरतेच. जाड किंवा चुण्यांच्या कपड्यांवर यंत्र जास्त वेळा शंका घेतं. त्यामुळे नऊवारी नेसलेल्या आजींची हाताने तपासणी होण्याची शक्यता जास्त.

डिजी यात्रा: खरा प्रश्न इथे आहे

डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत डिजी यात्रा सुरू झाली. 2023 मध्ये ती पुणे आणि मुंबईतही आली. आधारवरून ओळख पटवून चेहरा ॲपमध्ये नोंदवायचा आणि मग कागद न दाखवता कॅमेऱ्यासमोरून आत जायचं. पहाटेच्या विमानाला मोठी रांग असेल तर हे सोयीचं वाटतं, यात शंका नाही.

ही सेवा डिजी यात्रा फाउंडेशन ही कंपनी चालवते. त्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा 26 टक्के हिस्सा आहे, बाकी हिस्सा मोठ्या विमानतळांच्या कंपन्यांचा. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर 24 तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. डिसेंबर 2024 मध्ये ही माहिती प्राप्तिकर विभाग वापरणार अशी चर्चा पसरली होती. विभागाने ती फेटाळली.

तरीही शंका उरतात आणि त्या रास्त आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. गेटवर कर्मचारी 'इकडून या, लवकर होईल' म्हणत फोटो काढतात तेव्हा आपण होकार दिला असं धरायचं का, हा प्रश्न अनेक प्रवाशांनी विचारला आहे.

24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यावर बंधन आणायचं तर कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो की संमती मोकळेपणाने आणि माहिती घेऊन दिलेली असावी, आणि ती मागेही घेता यावी. मात्र याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे आणि टीकाकारांचं बोट नेमकं तिथेच आहे.

तर मग तुम्ही काय करू शकता?

• डिजी यात्रा ऐच्छिक आहे. 'मला ओळखपत्र दाखवून जायचंय' असं सांगा. त्यावरून तुमचं विमान नाकारता येत नाही.

• महिलांची झडती महिला कर्मचारीच घेतात, तीही पडद्याआड.

• पेसमेकर, कृत्रिम अवयव किंवा गरोदरपण असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगा आणि बाजूला, आडोशाला तपासणी करण्याची विनंती करा. डॉक्टरांचा कागद किंवा पेसमेकरचं कार्ड जवळ ठेवा.

• वागणूक चुकीची वाटली तर तिथेच वाद वाढवण्यापेक्षा वेळ आणि गेट क्रमांक लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

• गमतीतही 'बॅगेत बॉम्ब आहे' म्हणू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये सोशल मीडियावरून शेकडो विमानांना खोट्या धमक्या आल्या होत्या. तेव्हापासून यंत्रणा अशा वाक्यांकडे थट्टा म्हणून पाहत नाहीत.

झडतीला नकार देऊन विमानात बसता येणार नाही. चेहरा नोंदवायला नकार देऊन मात्र बसता येतं. घरातलं कुणी पहिल्यांदा ओझरला किंवा मुंबईला निघालं असेल, तर बॅग भरताना खोबरं बाजूला काढा आणि हा फरक त्यांना आठवणीने सांगा.