नोंद माणसाबरोबर चालावी

दहिवडी-म्हसवडचा आमचा माण तालुका कमी पावसाचा. दिवाळी झाली की मेंढपाळांचे वाडे चराईला कृष्णाकाठी, कोकणाकडे निघतात. काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. माणसे हलतात, त्यांच्या तब्येतीची नोंद मात्र उपकेंद्राच्या कपाटात राहते. आरोग्यसेविका म्हणून काम करताना हा पेच मला वारंवार पडला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मेंढपाळाच्या घरची एक सून, पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आली. मी वाडीवर जाऊन रक्तदाब घेतला. १३६/८६ भरला. १४०/९०च्या आतला, म्हणजे तसा ठीकच. पाय थोडे सुजले होते, पण ते गरोदरपणात अनेकींचे सुजतात. लघवी तपासायच्या पट्ट्या त्या दिवशी जवळ नव्हत्या. मी कार्ड मागितले. तिची आई म्हणाली, ‘‘बाई, कार्ड तिकडं बिऱ्हाडात ऱ्हायलं बगा, घोड्यावरच्या बोचक्यात.’’

पहिल्या तपासण्या सासरच्या गावी झालेल्या. तिथल्या सिस्टरना फोन लावला. त्या लसीकरणाला बाहेर, रजिस्टर कपाटात आणि किल्ली त्यांच्याकडे. संध्याकाळी आकडे कळले. तिसऱ्या महिन्यात १००/६०, पाचव्यात १०४/६४. आता १३६चा अर्थच बदलला. दाब चढत होता. रात्रीच गाडी करून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. लघवीत प्रथिने निघाली, तेव्हा पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवले. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिली. पण वाट पाहण्यात गेलेला तो दिवस मला अजून खटकतो.

संगणकीय नोंदीचे मोल इथे आहे. एकटा आकडा फारसे बोलत नाही, मागच्या आकड्यांशेजारी ठेवला की बोलतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८६३ साली हीच तक्रार केली होती, की रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याजोग्या नाहीत. आपल्याकडे २००९ मध्ये गरोदर माता व बालकांची नावानिशी संगणकीय नोंद सुरू झाली. २०१६ मध्ये आरोग्यसेविकांसाठी ‘अनमोल’ हे टॅबलेटवरचे अ‍ॅप आले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले. त्यातला ‘आभा’ क्रमांक १४ अंकी असतो. गाव बदलले तरी तो बदलत नाही, आणि रुग्णाच्या संमतीने त्याची जोडलेली कागदपत्रे दुसरीकडे पाहता येतात.

नर्सला याचा रोजचा उपयोग असतो. कोणाची तपासणी राहिली, कोणाचे हिमोग्लोबिन ७च्या खाली आहे, कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे आठवणीवर सोडावे लागत नाही. रुग्णालयात पाळी बदलताना शेवटचे इंजेक्शन किती वाजता दिले, हे पुढच्या सिस्टरला नेमके कळते.

अडचणी आहेतच. डोंगरातल्या वाड्यांवर रेंज मिळत नाही. एकच माहिती रजिस्टरात आणि पुन्हा टॅबलेटवर भरायची, यात रुग्णाजवळ बसायचा वेळ जातो. घाईत १०६च्या जागी १६० पडले, तर यंत्र ते निमूट जपून ठेवते. आणि बाईची खासगी माहिती भलत्याच्या हाती जाता कामा नये. पासवर्ड भिंतीवर चिकटवला, तर कुलूप लावून किल्ली दारात टांगल्यासारखे होते. म्हणून नोंद दुहेरी नको, रेंज नसतानाही भरता यावी आणि भरणाऱ्या हातांना पुरेसा वेळ मिळावा.

तुमच्याकडून एकच अपेक्षा. लेक माहेरी आणताना किंवा बिऱ्हाड हलवताना तिच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये घ्या, नोंदणीचा क्रमांक जवळ ठेवा आणि नव्या गावी पोहोचताच तिथल्या सिस्टरना भेटा. मेंढरांची मोजदाद आपण रोज संध्याकाळी करतोच. घरातल्या गरोदर बाईचे आकडेही तितक्याच काळजीने सांभाळू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)