परवाना अक्रात, पोकलेन नदीत

घानाच्या दक्षिणेला प्रा नदीवर सेक्येरे हेमांग नावाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. केप कोस्ट शहराला आणि आसपासच्या गावांना इथून पाणी जातं. पाण्याचा गढूळपणा ज्या एककात मोजतात, त्या हिशेबाने 2,000 एनटीयूपर्यंतचं पाणी शुद्ध करता यावं, अशी या केंद्राची रचना. ऑगस्ट 2024 मध्ये घानाच्या पाणीपुरवठा कंपनीने जाहीर केलं की नदीतून येणारा गढूळपणा सरासरी 14,000 वर पोचला आहे आणि पाणी उपसण्याच्या जागेचा साठ टक्के भाग गाळाने भरला आहे. तुरटी वाढवून वाढवून किती वाढवणार? शहरात पाणीकपात सुरू झाली. पावसाने दगा दिला नव्हता. वरच्या अंगाला नदीचं पात्र उकरून सोनं धुतलं जात होतं.

घानात या विनापरवाना खाणकामाला ‘गालामसे’ म्हणतात. प्रा, ऑफिन, बिरिम, अंकोब्रा या नद्यांच्या काठी ते चालतं आणि देशात लहान खाणींवर थेट पोट असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात सांगितली जाते. महाराष्ट्रात वाळूचा धंदा पाहिलेल्या वाचकाला चित्र ओळखीचं वाटेल: पात्रात उतरलेले पोकलेन, रात्रीचं काम, पथक निघायच्या आधी पोचलेला फोन. पण वाळू चोरली तरी हायवा भरून न्यावी लागते आणि ती रस्त्यावर दिसते. किलोभर सोनं शर्टाच्या खिशात मावतं. सोन्याचं नियमन अवघड का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं कायद्यात आहे. कायदा नाही म्हणून नव्हे, कायदा भरपूर आहे म्हणून.

ब्रिटिशांच्या काळात या वसाहतीचं नावच ‘गोल्ड कोस्ट’ होतं. 1930 च्या दशकात सरकारने, सोन्याचे कण गोळा करायला स्थानिक लोक जो पारा वापरत, त्याच्या वापरावर बंधनं आणली आणि पिढ्यान्‌पिढ्या सोनं धुणारी माणसं एका फटक्यात गुन्हेगार ठरली. मोठ्या कंपन्यांना मजूर हवे होते, हेही त्यामागचं एक कारण. पुढे 1989 मध्ये रॉलिंग्स यांच्या लष्करी राजवटीने लहान खाणकामाला कायदेशीर मान्यता दिली, परवानाधारकाला पारा विकत घेण्याची मुभा दिली आणि सोनं खरेदीची सरकारी व्यवस्थाही उभी केली. 2006 च्या खनिज कायद्याने चौकट पक्की केली: लहान खाणीचा परवाना फक्त घानाच्या नागरिकाला, क्षेत्र जास्तीत जास्त 25 एकर, मुदत पाच वर्षांपर्यंत. कागदावर यात खोट काढण्यासारखं फारसं काही नाही.

अडचण कागद हातात येईपर्यंतची आहे. घानात जमिनीखालचं खनिज राष्ट्राध्यक्षांकडे जनतेच्या वतीने निहित असतं, पण वरची बहुतेक जमीन पारंपरिक प्रमुखांच्या, म्हणजे चीफच्या, आणि कुळांच्या ताब्यात. परवाना हवा असेल तर आधी जागेचा नकाशा करून घ्यायचा. जिल्ह्याच्या खनिज कार्यालयात अर्ज द्यायचा. हरकतींसाठी 21 दिवस नोटीस लावायची. पर्यावरण खात्याचा वेगळा परवाना आणायचा, फी भरायची आणि शेवटी राजधानी अक्रात मंत्र्यांच्या सहीची वाट पाहायची. महिने जातात, कधी वर्ष उलटतं. त्यात सोनं असलेली बरीचशी जमीन आधीच मोठ्या कंपन्यांच्या नावे आखून दिलेली. याउलट गालामसेवाला चीफला आणि कोकोच्या बागेच्या मालकाला पैसे मोजतो आणि काही दिवसांत माती उकरायला लागतो. बागवानाचा हिशेबही सरळ असतो. कोकोचा भाव सरकार ठरवतं, झाडं म्हातारी झालेली असतात आणि समोरचा माणूस रोख रक्कम घेऊन उभा असतो.

खाणीवरचं काम जवळून पाहिलं, तर सरकारी निरीक्षकाने नेमकं कुठे उभं राहायला हवं, हे कळतं. पोकलेनने काढलेली माती उतरत्या लाकडी किंवा पत्र्याच्या घसरगुंडीवर टाकतात आणि पंपाने पाण्याचा मारा करतात. घसरगुंडीवर गालिच्यासारखं जाड कापड अंथरलेलं असतं. हलकी माती वाहून जाते, जड कण कापडात अडकतात. दिवसाच्या शेवटी ते कापड टबात झटकून धुतात आणि खाली बसलेल्या काळ्या रेतीत पारा ओततात. उघड्या हातांनी ते मळलं जातं. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग फडक्यात घालून पिळलं की जास्तीचा पारा गळून पडतो आणि एक मऊ, चंदेरी गोळी उरते. या गोळीत निम्म्याच्या आसपास पाराच असतो. ती ज्योतीवर धरली की पारा वाफ होऊन उडतो आणि खाली पिवळट, सच्छिद्र सोनं राहतं. ती वाफ जाळणाऱ्याच्या, शेजारी बसलेल्यांच्या आणि खरेदीदाराच्या दुकानातल्या पोराच्या फुप्फुसात जाते. वाफ पकडून पारा परत मिळवणारं बंद भांडं मिळतं, फार महागही नाही. पण त्यात वेळ जातो, आणि आत काय चाललंय ते दिसत नसल्याने आपलं सोनं कोणी मारेल, ही भीती असते. पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला आणि घाना त्यात सामील आहे. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा स्रोत हेच लहान खाणकाम आहे.

पूर्वी हे काम फावड्या-पाटीचं होतं. साधारण 2008 नंतर सोन्याचा भाव चढला आणि चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या शांगलिन भागातले हजारो लोक घानात उतरले. पोकलेन, पंप आणि नदीत तरंगत गाळ उपसणारी यंत्रं त्यांनी आणली. कायद्याने परदेशी माणसाला लहान खाण चालवता येत नाही, म्हणून परवाना स्थानिकाच्या नावावर आणि भांडवल दुसऱ्याचं, अशी बेनामी पद्धत रुळली. 2013 मध्ये सरकारने मोहीम काढून साडेचार हजारांहून अधिक चिनी नागरिकांना परत पाठवलं. यंत्रं मात्र राहिली, ती चालवायचं कसबही राहिलं.

2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी गालामसे थांबवण्यासाठी आपलं पद पणाला लावल्याची घोषणा केली. सगळ्याच लहान खाणींवर बंदी आली, लष्कर आणि पोलिसांचं ‘ऑपरेशन व्हॅनगार्ड’ सुरू झालं. बंदी डिसेंबर 2018 पर्यंत चालली. तिचा पहिला मार बसला तो रीतसर परवाना घेतलेल्यांना, कारण त्यांचेच पत्ते सरकारकडे होते. पुढे 2020 च्या सुरुवातीला कळलं की जप्त केलेल्या पोकलेनांपैकी शेकडो गायब आहेत. वीस-वीस टनांची धुडं हरवतात कशी, हा प्रश्न घानात बराच काळ विनोदाचा विषय झाला होता.

आयशा हुआंग या चिनी महिलेचा खटला तर सगळ्या व्यवस्थेचा आरसाच ठरला. 2017 मध्ये तिला गालामसेच्या आरोपाखाली अटक झाली. 2018 च्या अखेरीस खटला मागे घेऊन तिची चीनला रवानगी झाली. का, याचं स्पष्टीकरण एका ज्येष्ठ मंत्र्यांनीच 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात दिलं. चीनशी मोठा आर्थिक करार होत असताना एका बाईला तुरुंगात टाकून घानाचे प्रश्न सुटणार नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परदेशी व्यक्तीला किमान 20 वर्षं तुरुंगवासाची तरतूद झाली. आयशा 2022 मध्ये पुन्हा घानातच सापडली. डिसेंबर 2023 मध्ये तिला शिक्षा झाली ती साडेचार वर्षांची आणि 48,000 सेडी (घानाचं चलन) दंडाची. गुन्हा दुरुस्तीच्या आधीचा, म्हणून कायदाही जुनाच लागला.

खाणीवर धाड घातली की टीव्हीवर दिसते. सोन्याची विक्री दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. 2019 मध्ये सरकारने लहान खाणींच्या सोन्यावर तीन टक्के कर बसवला. सोनं विकणाऱ्याच्या दृष्टीने तीन टक्के फार झाले. कायदेशीर निर्यात कोसळली, माल शेजारच्या देशांच्या सीमा ओलांडून जाऊ लागला. 2022 मध्ये कर निम्म्यावर आला तशी निर्यात पुन्हा वर आली. स्विसएड या संस्थेने 2025 मध्ये घानाचे निर्यातीचे आणि इतर देशांचे आयातीचे आकडे समोरासमोर ठेवले, तेव्हा पाच वर्षांत 229 टनांची तफावत निघाली. यातलं बरंचसं सोनं दुबईला गेलं होतं.

दुबईहून सोनं भारतातही येतं आणि घानाचं कच्चं सोनं थेट आपल्याकडच्या रिफायनऱ्यांतही येतं. एकदा मूस तापली की ओळख संपते. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळतात. लगडीचा कस ते बिनचूक सांगतील, पण ती कुठल्या नदीतली, हे भट्टीतून निघाल्यावर कोणालाच सांगता येणार नाही. आपल्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी ॲपमध्ये टाकला की सराफाची नोंदणी, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र कळतं. खाणीचा रकाना त्यात नाही.

घानाने 2025 मध्ये शेवटी खरेदीच्या टोकाला हात घातला. पुन्हा सत्तेवर आलेल्या महामा सरकारने ‘गोल्डबॉड’ हे मंडळ स्थापन केलं. लहान खाणींचं सोनं विकत घेण्याचा आणि निर्यातीचा अधिकार या मंडळाकडे आला, परदेशी व्यापाऱ्यांना 30 एप्रिलपर्यंत स्थानिक बाजारातून बाहेर पडायला सांगितलं गेलं आणि तो कटकटीचा करही रद्द झाला. सरकारने या कामाला किती महत्त्व दिलं होतं, हे एका दुर्घटनेतूनही दिसलं. 6 ऑगस्ट 2025 रोजी संरक्षणमंत्री एडवर्ड ओमाने बोआमा आणि पर्यावरणमंत्री इब्राहिम मुर्तला मुहम्मद हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हा ते ओबुआसी या खाणनगरीत जबाबदार खाणकामाविषयीच्याच कार्यक्रमाला निघाले होते.

गोल्डबॉडमुळे आकडे झपाट्याने बदलले. 2025 मध्ये लहान खाणींच्या सोन्याची अधिकृत निर्यात मोठ्या कंपन्यांच्याही पुढे गेली, परकीय चलन आलं, सेडी सावरला. ऑक्टोबरमध्ये सोन्याने औंसाला 4,000 डॉलरचा टप्पा ओलांडला, त्याचाही हातभार होताच. पण हे सगळं सोनं परवानाधारक खाणींतून आलं, असं म्हणणं कठीण आहे. तेवढ्या परवानाधारक खाणी आहेत कुठे? तस्करांकडे जाणारं बरंच सोनं आता सरकारी काट्यावर येतं, हा फायदाच. पण गावातला खरेदीदार आजही वजन आणि कस पाहतो, परवाना पाहत नाही, आणि ज्या सोन्यावर देशाची गंगाजळी भरते त्याचा उगम खोदून काढण्याची घाई कुठल्याच अर्थमंत्र्याला नसते. सोन्याचा माग ठेवणारी व्यवस्था आणण्याचं आश्वासन मंडळाने दिलं आहे. ती चालायची तर गावातल्या खाणवाल्याकडे दाखवायला कागद हवा. त्यासाठी भूगर्भाची पाहणी करून लहान खाणींकरता जमीन आधीच आखून ठेवणं आणि 25 एकरांची सही अक्राऐवजी जिल्ह्यात होणं, ही दोन रटाळ, बिनटाळ्यांची कामं कोणाला तरी करावी लागतील. लष्कर पाठवण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडतील.